आधी मान कुणी हलवायची

आकाशातून विमान आलं, हलत्या जहाजावर अलगद टेकलं, शेपटीखालचा आकडा डेकवरच्या तारेत नेमका अडकवून थांबलं; आणि एवढं सगळं अवघड पार पाडल्यावर, सोपं तेवढं उरलेलं असताना, अडून बसलं.

सोपं म्हणजे काय, तर तारेतून सुटायचं आणि डेकच्या कडेला आपल्या जागेपर्यंत चालत जायचं. अंतर एखाद्या अंगणाएवढं. समोर पिवळ्या जाकिटातला इशारेवाला दोन्ही हात डोक्यावर नेऊन ‘ये, ये’ करत होता. वर आकाशात दुसरी विमानं उतरायला जागा मिळावी म्हणून घिरट्या घालत होती. पण हे ढिम्म हलेना. मानपानावरून रुसलेला जावई दारात उभा राहतो, तसं नाक वर करून उभं राहिलं. शेवटी ट्रॅक्टर आणून त्याला ओढत बाजूला न्यावं लागलं. डेकवरची माणसं पोट धरून हसली. यंत्रांना हसलेलं कळत नाही. ज्यांनी ती बनवलेली असतात त्यांना चांगलं कळतं.

बनवणारी बाई डेकखालच्या खोलीत पडद्यासमोर बसून हे पाहत होती. जहाजावरून उडणारं, जहाजावरच उतरणारं बिनवैमानिकाचं लढाऊ विमान तयार करायचं काम तिच्या तुकडीकडे आलं, तेव्हा तिच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. आता ती मोजायच्या भानगडीत पडत नसे. तुकडीतले सगळे तिला ताई म्हणत. घरी मात्र तिचं नाव गोचीड. एखादी गोष्ट धरली की सुटायची नाही, म्हणून थोरल्या भावाने लहानपणीच ठेवलेलं, आणि तेही तिला तसंच चिकटलेलं.

आणि नशिबाची थट्टा अशी, की हाच थोरला भाऊ या जहाजावर डेकचा प्रमुख होता. डेकवर काय हलेल, काय थांबेल, कोण कुठे उभा राहील, सगळं त्याच्या शब्दावर. एके काळी तो स्वतः याच तारांवर विमानं उतरवायचा. जहाजावर त्याला डेकसाहेब म्हणत. तीही चारचौघांत ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ म्हणे. दार लागलं की दादा आणि ‘तू’.

विमान ओढून नेल्यावर तो खाली आला आणि त्याने दार लावून घेतलं.

“गोचीड, उद्या दुपारी जहाज बंदराला लागतंय. सकाळी तुला शेवटची संधी देतो. स्वतःच्या चाकांनी जागेवर गेलं तर मी सही करीन. नाही गेलं तर लिहून देईन, की हे जहाजाच्या कामाचं नाही. किनाऱ्यावरच्या तळाला द्या, तिथे मैदान मोकळं आहे.”

“उतरतं कसं, ते पाहिलंस ना?”

“पाहिलं. माझ्यापेक्षा सुरेख उतरतं. पण डेकवर अडलेलं विमान म्हणजे दारात अडकलेलं कपाट. ते आत जात नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाही. वर माझी पोरं फिरत असतात. त्यांचं इंधन संपलं तर ती पाण्यात जातील. बहीण आहेस म्हणून मी डोळे मिटून घेऊ?”

“मी कधी म्हटलं मिटून घे?”

“नाही म्हटलंस. म्हणून तर सांगायला स्वतः आलो.”

तो गेला. किनाऱ्यावरच्या तळाला देणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. तिथे अशी विमानं ढिगाने होती. हे केवळ जहाजासाठी जन्माला घातलेलं. तिथे त्याच्यावर धूळ बसली असती आणि तुकडी पांगली असती.

भावाबहिणीत या विमानावरून एकदाच काय ते वाजलं होतं, घरी, जेवणाच्या टेबलावर. ‘तुझ्या डब्यापायी माझी पोरं घरी बसतील,’ असं तो म्हणाला होता. ती म्हणाली होती, ‘घरी बसतील म्हणजे घरी येतील तरी.’ त्यावर सगळ्यांचे घास हातातच राहिले. त्याचे दोन जिवलग मित्र उडून गेले ते या तारांपर्यंत परत पोचले नव्हते, आणि दोघेही त्याच टेबलावर जेवून गेलेले होते. मग दादाने विचारलं होतं, ‘आणि मारायचं कुणाला, हे कोण ठरवणार? डबा?’ ‘माणूस ठरवणार. ते मी डब्याच्या हाती दिलेलं नाही आणि देणारही नाही,’ असं तिने सांगितलं. आईने दोघांनाही गप्प केलं. तेव्हापासून त्या विषयावर दोघांची तोंडं बंद होती. माघार घेणं त्या घराण्यात कुणाला शिकवलेलंच नव्हतं.

तिने तुकडीला बोलावलं. तुकडीत एक पंडित होता. इशारेवाल्याचे हात पाहून त्यांचा अर्थ लावायला विमानाला त्यानेच शिकवलं होतं. डेकवर कानठळ्या बसवणारा आवाज असतो, तिथे तोंडाने बोलून काही उपयोग नाही. सगळा कारभार हातांच्या खुणांवर चालतो. आत वैमानिक असो की नसो, खुणा त्याच.

“ऊन समोरून होतं,” पंडित म्हणाला. “काचेवर खारं पाणी उडत होतं. शिवाय डेक कलत होता.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” ती म्हणाली.

“अहो ताई, पण अंगण खरंच वाकडं आहे!”

ते मात्र खरं होतं, आणि सगळे हसले. तरीही तिने एकेक कारण तपासायला लावलं. ऊन नसतानाही विमान अडलेलं होतं. काच स्वच्छ असतानाही अडलेलं होतं. समुद्र झोपलेला असतानाही अडलेलं होतं. आणि किनाऱ्यावरच्या सरावात हेच विमान, हाच इशारेवाला समोर असताना, शहाण्या मुलासारखं सांगू तिकडे जात होतं. जहाजावर आल्यापासून ते एकदाच चाललं होतं, तेही का, कुणालाच कळलं नव्हतं.

“ते चाललेलं दाखव,” ती म्हणाली.

विमानाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं पडद्यावर आलं. इशारेवाला हात वर नेतो, ‘ये’ म्हणतो. विमान उभंच. मग इशारेवाला शिंकतो. आणि विमान चालायला लागतं.

“शिंकेला घाबरलं की काय!” कुणीतरी म्हणालं.

ती हसली नाही. आजवर त्या सगळ्यांनी हातच पाहिले होते. हात कुठून निघाले, कुठे पोचले, कोन किती झाला. त्या माणसाच्या तोंडाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तिने किनाऱ्यावरच्या सरावाची जुनी चित्रणं मागवली आणि या वेळी पडद्यावरच्या हातांवर तळवा धरून फक्त तोंड पाहत राहिली. हात वर जात. इशारेवाल्याची नजर विमानावरून ढळून किंचित डावीकडे जाई. मग त्याची हनुवटी खाली यायची, इतकी थोडी, की शेजारी बसलेल्याच्याही लक्षात येऊ नये. आणि विमान निघे. दर वेळी. जहाजावरच्या चित्रणांत हात तसेच, पण नजर समोर आणि हनुवटी जागच्या जागी. ती खाली आली होती ती फक्त शिंकेबरोबर.

तिने त्या इशारेवाल्याला बोलावून घेतलं. त्याला सगळे पंखा म्हणत, कारण हात एकदा फिरायला लागले की थांबत नसत. गप्पा मारतानाही समोरच्याला लांब बसावं लागे.

“इशारा देताना तू मान का हलवतोस?”

“मी? छे हो, ताई. आमचं सगळं हातांनी.”

तिने त्याला पडदा दाखवला. तो स्वतःचीच हनुवटी पाहत राहिला आणि कानापर्यंत लाल झाला.

“आईशप्पथ, मला माहीतच नव्हतं. ते काय असतं ना, वैमानिक आतून मान हलवतो. म्हणजे, दिसलं, समजलं. मग आपलीही हलते. कुणी नमस्कार केला की आपण करतो तसं. मुद्दाम कोण करतं?” मग त्याला जरा धीर आला. “तुमच्याकडून कोण हलवणार, ताई? नावच बघा की, वि-मान. मानच नाही त्याला!”

“मग किनाऱ्यावर तू कुणाकडे बघून हलवत होतास? डावीकडे काय होतं?” पंडिताने विचारलं.

पंखा डोकं खाजवायला लागला. त्याच्याकडून उत्तर यायच्या आत ते तिला मिळालं होतं. डावीकडे जीप उभी असायची. काही बिघडलंच तर विमान जागीच थांबवायचं बटण घेऊन त्या जीपमध्ये कुणीतरी बसायचं. जोखमीचं काम, म्हणून ते तिने दुसऱ्या कुणाला कधी दिलं नव्हतं. दर वेळी तीच बसलेली असायची. पंख्याचे हात वर जात, ती मनात ‘बरोबर’ म्हणे, आणि तिची मान हले. तिची हलली की पंख्याची हले. विमान बिचारं बघत होतं आणि शिकत होतं: हात वर, मग मान खाली, की निघायचं. नुसते हात वर असले, तर माणूस अजून तयार नाही, थांबायचं.

बिनमाणसाचं म्हणून जे तिने एवढा घाम गाळून बनवलं, त्यात एक माणूस राहूनच गेलेला होता, आणि तो माणूस ती होती.

“म्हणजे डेकवर काय झालं,” पंडित हळू आवाजात म्हणाला, “हा विमानाच्या मानेची वाट बघत उभा, आणि विमान याच्या.”

“दोघंही मानी,” पंखा म्हणाला.

उपाय सोपा वाटला. पंख्याने मुद्दाम मान हलवायची, झालं. डेकखालच्या कोठारात विमान उभं करून त्यांनी ते करून पाहिलं. पण सांगून हलवलेली मान काही केल्या खरी दिसेना. पंखा नंदीबैलासारखा डोलायला लागला, कधी हातांच्या आधी, कधी कितीतरी नंतर, आणि विमान त्याच्याकडे पाहत स्वस्थ उभं राहिलं. वर तो म्हणाला, “रिकाम्या डब्यापुढे मान तुकवायची म्हणजे लाज वाटते हो, ताई.” विमानाला नव्याने शिकवायचं तर किनाऱ्यावर जाऊन पुन्हा सगळा सराव आला; समुद्रावर असताना शिकवणीला हात लावायचा नाही, असा नियमच होता, आणि तो तिनेच घालून दिलेला.

दुसरी बाई असती तर ‘निदान कारण तरी सापडलं’ म्हणून झोपायला गेली असती. हिचं नाव गोचीड होतं.

“पंख्याची मान खरी केव्हा हलते?” तिने विचारलं.

“समोरच्याची हलली की.”

“मग समोरच्याची हलवू या.”

ती उठली आणि कोठारातली सामान वाहायची हातगाडी ढकलत आणून तिने एकदम रोखून धरली. वरची खोकी पुढे झुकली, पुन्हा मागे आली. “पुढे सरकतानाच ब्रेक लावला की नाक खाली जातं. स्कूटरचं जातं, बसचं जातं, याचंही जाईल. चालायच्या आधी हे वीतभर सरकून ब्रेक तपासतंच की. ती तपासणी निघताना करतं, त्याऐवजी हात वर दिसले की लगेच करू दे. तेवढी वेळ बदलणं माझ्या अखत्यारीत आहे.”

समोर कुणाला उभं न करता, उभारलेल्या हातांचं पंख्याचं चित्र भिंतीवर टाकून त्यांनी ते करून पाहिलं. विमान वीतभर सरकलं, ब्रेक लागला, आणि त्या एवढ्या मोठ्या करड्या अंगाने नाक खाली घालून पुन्हा वर घेतलं. “अगं बाई,” पंखा म्हणाला, आणि त्याच्या नकळत त्याची मान हलली. या खेपेला ते सगळ्यांना दिसलं.

सकाळी डेकवर नजर ठेवणाऱ्या टॉवरमध्ये तिने दादाला सगळं सांगितलं. चारचौघं होती, म्हणून साहेब, तुम्ही. त्याने ऐकून घेतलं.

“म्हणजे माझ्या माणसाने परवानगी द्यायच्या आधीच हे त्याच्या दिशेने सरकणार.”

“वीतभर, साहेब.”

“ब्रेक लागला तर वीतभर. नाही लागला तर?”

“आजवर लागला नाही असं झालेलं नाही.”

“आजवर समोर चित्र होतं. माझी माणसं विमानापुढे उलटी चालतात, त्यांच्या पाठीला डोळे नसतात. या तपासणीला मी कुणाला उभं करणार नाही.”

“मग मी उभी राहते.”

“तू?” टॉवरमधले सगळे खिडकीबाहेर पाहायला लागले. “इशारे येतात तुला? उलटं चालता येतं, खाली तारा असताना? आणि आईला काय सांगू मी?”

“ते मी तुला विचारलेलं नाही, दादा. विमान माझं आहे. त्याच्यापुढे उभं राहायची वेळ आली तर दुसऱ्या कुणाच्या पोराला मी पुढे करणार नाही.”

चारचौघांत ती ‘दादा’ म्हणाली होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्याच्या मात्र तेव्हाच आलं असावं. मग त्याने खुंटीवरचं पिवळं जाकीट काढलं.

“जिथे मी माझा माणूस उभा करणार नाही, तिथे मी उभा राहतो. नियमात बसतं. तू बटण घेऊन बस, आणि माझ्या नजरेला पडू नकोस. तुझं तोंड दिसलं आणि माझी मान हलली, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.”

“तुझी मान?” तिच्या तोंडून निघून गेलं. “माझ्या डब्यापुढे?”

“नाही हलणार. म्हणूनच मी जातोय. माझ्यासारख्याची हलली, तर कुणाचीही हलेल.”

सकाळच्या उन्हात डेक तापायला लागला होता. विमान उडून गेलं, मोठा वळसा घेऊन परत आलं, तारेत अडकलं आणि थांबलं. ती डेकच्या कडेला ट्रॅक्टरच्या आडोशाला गुडघ्यांवर बसली होती. कानांवर जाड टोप, मुठीत बटण. ट्रॅक्टरच्या पोटाखालून तिला विमानाचं पुढचं चाक आणि नाकाचा खालचा भाग दिसत होता, आणि त्याच्यासमोर दादाचे बूट. त्याहून वरचं काहीच नाही.

बूट स्थिर झाले. म्हणजे हात वर गेले असणार.

चाक सरकलं. तिचा अंगठा बटणावर घट्ट झाला. आयुष्यात तिला इतकी भीती कधी वाटली नव्हती. दाबलं तर विमान थांबेल, दादा वाचेल आणि सगळं संपेल. नाही दाबलं आणि ब्रेक लागला नाही, तर ज्याने तिला सायकल शिकवली तो माणूस तिच्याच हाताने बनवलेल्या चाकाखाली जाईल. तिने दाबलं नाही. एक वीत. ब्रेक लागला. नाक खाली गेलं, तिच्या डोळ्यांसमोर, आणि वर आलं.

मग काहीच होईना.

बूट जागेवर, चाक जागेवर. ट्रॅक्टरपलीकडे मान वर काढून पाहावं असं तिला इतकं वाटलं की तिने दुसऱ्या हाताने ट्रॅक्टरचं चाक धरून ठेवलं. दादाचा स्वभाव ती जाणून होती. परीक्षेत पहिली आली तेव्हाही त्याने मान हलवली नव्हती, ‘बरं’ म्हणून बाहेर निघून गेला होता. तो उन्हात तसाच उभा असणार, हात वर, मान ताठ. हल रे, दादा. एकदा तरी हल.

चाक फिरलं.

थांबत थांबत नाही, सरळ, सावकाश, एखाद्या ओळखीच्या माणसामागून चालावं तसं. बूट उलटे मागे मागे निघाले, आणि चाक त्यांच्यामागून. त्या विमानाला निघायला सांगणारी गोष्ट जगात एकच होती, आणि ती डेकवर त्या क्षणी एकाच माणसाकडे होती. तिला ती दिसली नाही. दिसायची गरजच नव्हती.

बूट कडेच्या जागेवर थांबले, चाकही थांबलं. कुणीतरी धावत येऊन चाकाला ठोकळे लावले. तिने कानांवरचा टोप खाली ओढला. तिला रडू येत होतं, आणि या वेळी तिने ते येऊ दिलं. ट्रॅक्टरपलीकडून दादाचा आवाज आला, टॉवरशी बोलणारा, कोरडा, रोजचा, प्रत्येक विमान जागेवर लागल्यावर असतो तसा.

“लागलं. पुढचं घ्या.”